कावळे आधी की काळे?

वैजापूरच्या एका पतसंस्थेची सभासद-यादी एकाच दिवसात दोन क्रमांनी छापली गेली. दुपारी एका मुलाने टर्मिनलवर बसून ती काढली तेव्हा क्रम होता कावळे, काशिद, काळे. रात्री संगणकाने तीच यादी ठरलेल्या वेळी आपोआप काढली, तर काळे, कावळे, काशिद. आज्ञा तीच, फाईल तीच, यंत्र तेच. एकही नाव गळलं नव्हतं, एकही रक्कम हलली नव्हती. पण दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवून टिकमार्क करणाऱ्याला पानामागून पान जुळेना.

कारण लवकर सापडलं. दुपारच्या शेलमध्ये, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, ‘लँग’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची किंमत ‘एमआर_आयएन’, म्हणजे भारतातली मराठी, अशी होती. रात्रीच्या कामाला ती किंमत मिळालीच नव्हती. वाद पेटला तो कारण कळल्यावर. माझे मामा डॉसच्या दिवसांपासून अशा संस्थांचे हिशेब संगणकावर बसवत आले आहेत. आता निवृत्त आहेत, पण तपासणीच्या वेळी बोलावणं आलं की जातात. मी पुण्यात सर्व्हर सांभाळते. त्यांच्या मते एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ही हिशेबाच्या कामात चोरवाट आहे. माझ्या मते तिच्यामुळेच आपली भाषा यंत्रात शिरू शकली. तो वाद इथे मांडते आहे, कारण त्यांचा आक्षेप मला अजूनही हलका वाटत नाही.

ज्यांचा या गोष्टीशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. युनिक्स, लिनक्स, डॉस, विंडोज या सगळ्यांत प्रत्येक चालू प्रोग्रामजवळ नाव आणि किंमत अशा जोड्यांची एक लहान यादी असते. तिला एन्व्हायर्नमेंट म्हणतात. आज्ञा कुठल्या फोल्डरांत शोधायची ते ‘पाथ’ सांगतो, घर कुठे ते ‘होम’, भाषा कोणती ते ‘लँग’, घड्याळ कुठल्या गावचं ते ‘टीझेड’. एक प्रोग्राम दुसऱ्याला सुरू करतो तेव्हा आपल्या यादीची नक्कल त्याच्या हाती देतो. आईने शिदोरी बांधून द्यावी तशी. मुलाने त्यात काही घातलं-काढलं तर आईच्या डब्यात फरक पडत नाही, आणि मूल एकदा बाहेर पडलं की आईलाही त्यात काही घालता येत नाही.

मामा : कारण सापडलं, ठीक आहे. मला पद्धतीचं पडलंय. आज्ञेत लिहिलेलं नाही, फायलीत लिहिलेलं नाही, आणि निकाल बदलतो. रोजकीर्दीत असं चालेल का? जमेवर-नावेवर ज्याचा परिणाम होतो ते पानावर दिसलंच पाहिजे.

मी : दिसतं की. ‘एन्व्ह’ एवढं टाइप करा, सगळी यादी समोर येते.

मामा : विचारलं तर येते. आणि तीही आत्ता समोर उघडलेल्या शेलची. रात्री दोन वाजता जे चाललं त्याची यादी सकाळी कुठे बघायची? ते काम संपलं, त्याच्याबरोबर यादीही गेली.

मी : क्रॉनने उठवलेल्या कामाचं असंच असतं, मामा. रात्रीच्या ठरलेल्या वेळी क्रॉन ते काम सुरू करतो, आणि फार मोजकं एन्व्हायर्नमेंट हाती देतो. पाथमध्ये बहुतेक वेळा दोनच फोल्डर असतात. त्या मुलाने स्वतःच्या शेलमध्ये लँग मराठी केली ती त्याच्या शेलपुरती. क्रॉनचा त्या शेलशी संबंधच नाही. दिवसा हाताने चालणारी स्क्रिप्ट रात्री पडली, तर पहिला संशय यावरच घ्यायचा असतो.

मामा : पडली असती तर बरं झालं असतं. पडली म्हणजे माणूस बघतो तरी. ही पडली नाही, चालली आणि वेगळं उत्तर देऊन गेली. आणि गंमत बघ, गावांची यादी दोन्ही वेळा सारखीच आली. गारज, परसोडा, महालगाव, लोणी, शिऊर. त्यामुळे त्या मुलाला वाटलं, सगळं ठीक आहे.

मी : कारण त्या पाचांत क्रम ठरवायला कुठे ‘ळ’ येत नाही.

हा मुद्दा जरा थांबून बघण्यासारखा आहे. युनिकोडच्या कोष्टकात देवनागरी अक्षरांना क्रमांक दिले आहेत आणि तिथे ‘ळ’ची जागा ‘ल’ला लागून, ‘व’च्या आधी आहे. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ येतो ‘ह’च्या नंतर, आणि त्यापुढे ‘क्ष’, ‘ज्ञ’. लँग रिकामी असली की सॉर्ट करणारा प्रोग्राम ‘सी’ नावाच्या मूळ नियमसंचावर जातो. तो भाषा बघत नाही, फक्त बाइटांचे आकडे बघतो. मग ‘का’नंतरचा ‘ळ’ हा ‘व’च्या आणि ‘श’च्या आधी येतो, आणि काळे मंडळी कावळ्यांच्या आणि काशिदांच्या पुढे जाऊन बसतात. लँग मराठी असेल तर प्रोग्राम त्या भाषेच्या नियमांची फाईल उघडतो आणि तिथल्या क्रमाने चालतो. अशा नियमसंचाला लोकेल म्हणतात. सॉर्ट लिहिणाऱ्याला ‘ळ’ कधी ऐकूही आलेला नसेल. त्याने एवढंच केलं की क्रमाचा निर्णय आपल्या हातात न ठेवता वापरणाऱ्याच्या एन्व्हायर्नमेंटवर सोपवला.

मामा : सोपवला हे चांगलं केलं. पण कुठून विचारतो, ते त्याने दाखवायला हवं होतं. आमच्या डॉसमध्येही हे सगळं होतं. ऑटोएक्झेक डॉट बॅट उघडली की पाथ, प्रॉम्प्ट, सेट टेम्प, सगळं एकाखाली एक. मशीन सुरू होताना ती फाईल वाचली जायची आणि दिवसभर तेच चालायचं. एन्व्हायर्नमेंटला जागाही केवढी, तर जुन्या डॉसमध्ये १६० बाइट, पुढे २५६. पाथ जरा लांबला की ‘आउट ऑफ एन्व्हायर्नमेंट स्पेस’. मग कॉन्फिग डॉट सिसमध्ये शेलची ओळ घालून जागा ५१२ करायची. टंचाई होती, पण एका पडद्यावर सगळं मावत होतं. मशीन कसं वागणार हे मला ती एक फाईल वाचून सांगता यायचं.

मी : आणि त्या मशीनवर मराठी कशी यायची?

मामा : जिस्ट कार्डाने. पुण्याच्या सी-डॅकचं कार्ड. पीसी उघडून ते आत बसवायचं, मग पडद्यावर देवनागरी. ज्या पीसीत कार्ड नाही तिथे मराठी नाही.

मी : सी-डॅक सुरू झालं १९८८ मध्ये. युनिक्समध्ये एन्व्हायर्नमेंट आलं १९७९ मध्ये, बेल लॅब्जच्या सातव्या आवृत्तीत, स्टीफन बोर्न यांच्या शेलबरोबर. मायक्रोसॉफ्टने ते १९८३ च्या डॉस २ मध्ये घेतलं. म्हणजे तुमच्या मशीनमध्ये मराठीचं कार्ड बसत होतं तेव्हा ही सोय डॉसमध्येही होती. पण मराठीचे नियम डॉसमधल्या कुठल्याच प्रोग्रामला ठाऊक नव्हते आणि ते विचारायची पद्धतही नव्हती, म्हणून तुम्हाला पीसीचं झाकण उघडावं लागलं. आज लिनक्सच्या मशीनवर मराठी लोकेल बसवा, एक ओळ लिहा, की ‘डेट’ म्हटल्यावर मंगळवार आणि जानेवारी असं मराठीत येतं. ‘डेट’चा प्रोग्राम बदलावा लागला नाही. महाराष्ट्रासाठी कोणी त्याची वेगळी प्रत काढली नाही. तुम्ही ज्याला चोरवाट म्हणता ना, मामा, त्या वाटेनेच मराठी आत आली.

मामा : आली हे मला मान्यच आहे. पण वाट उघडी राहिली की त्यातून आणखीही काही येतं.

यावर मला जे उत्तर द्यायचं होतं ते अपुरं आहे हे मला माहीत होतं, कारण मामांनी पुढे काढलेलं उदाहरण खरं आहे आणि आमच्या धंद्यातल्या कोणालाच ते विसरता आलेलं नाही. २४ सप्टेंबर २०१४ ला बॅश शेलमधली एक खोट जाहीर झाली. तिला शेलशॉक असं नाव पडलं. बॅशमध्ये फंक्शनची व्याख्याच एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून खालच्या शेलला देता येत असे. नवा बॅश सुरू होताना ती किंमत वाचायचा, आणि व्याख्या संपल्यावर मागे काही आज्ञा चिकटवलेली असली तर तीही चालवून टाकायचा. तेव्हाचे कित्येक वेब सर्व्हर पाहुण्याच्या ब्राउझरने पाठवलेला मजकूर सरळ एन्व्हायर्नमेंटमध्ये भरून स्क्रिप्ट सुरू करत. म्हणजे जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातल्या माणसाला आपल्या सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवता येत होती. ही खोट १९८९ पासून तिथे होती. पंचवीस वर्षं.

मामा : पंचवीस वर्षं कोणाला दिसली नाही, कारण बघायची जागाच ती नव्हती. आज्ञा तपासल्या, फायली तपासल्या, पासवर्ड तपासले. शिदोरी कोणी उघडून बघितली नाही. आणि आता तुम्ही लोक पासवर्डही तिथेच ठेवता म्हणे?

मी : ठेवतो. २०११ मध्ये हेरोकू कंपनीच्या लोकांनी बारा नियमांचा एक मसुदा मांडला, त्यात सांगितलं की ठिकाणाप्रमाणे बदलणारी प्रत्येक गोष्ट एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवा. डेटाबेसचा पत्ता, परवलीचा शब्द, सगळं. हेतू चांगला होता. त्याआधी लोक पासवर्ड कोडमध्येच लिहायचे, आणि कोड दहा जणांकडे जायचा.

मामा : आणि आता?

मी : आता तो त्या प्रोग्रामने सुरू केलेल्या प्रत्येक प्रोग्रामकडे जातो. त्याला गरज असो वा नसो. लिनक्समध्ये त्याच खात्याच्या दुसऱ्या प्रोग्रामला तो प्रॉक फोल्डरमधून वाचताही येतो. प्रोग्राम कोसळला की पुष्कळदा एन्व्हायर्नमेंट आख्खं लॉगमध्ये ओतलं जातं. पासवर्डांच्या बाबतीत मी तुमच्या बाजूने आहे. भाषा, वेळ, फोल्डर हे सगळ्यांना वाटावं. तिजोरीची किल्ली नाही.

मामा : मग मला एवढंच कबूल कर, की आपोआप मिळालेल्या गोष्टीवर विश्वास ठेवू नये.

मी : ते मी कबूल करणार नाही. आपोआप मिळालेलं तुम्हाला नको असेल तर प्रत्येक आज्ञेत सगळं लिहावं लागेल. भाषा मराठी, घड्याळ भारताचं, तारीख अशी, पैसे असे, तात्पुरत्या फायली इथे. दिवसाला शंभर आज्ञा, आणि प्रत्येकीत त्याच दहा गोष्टी. नव्याण्णव वेळा बरोबर लिहाल. शंभराव्या वेळी एक राहील, आणि तीही न सांगता इंग्रजीवर जाईल.

मामा काही क्षण बोलले नाहीत. मग त्यांनी वही पुढे ओढली आणि ‘वैजापूर’ असं लिहिलं.

मामा : किती अक्षरं?

मी : वाचणाऱ्याला चार. वै, जा, पू, र.

मामा : आणि तुझं मशीन किती सांगतं?

मी : लँग मराठी असेल आणि अक्षरं मोज म्हटलं तर सात. व, ऐकाराची मात्रा, ज, काना, प, दीर्घ उकार, र. लँग ‘सी’ असेल तर एकवीस. युटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं आणि ‘सी’ला बाइटच अक्षर वाटतो.

मामा : जुन्या नमुन्यांत गावाच्या नावाला वीस रकाने असायचे. इंग्रजी स्पेलिंगमध्ये वैजापूर आठ रकान्यांत बसायचं. मराठीत लिहिलं की एकवीस होतात, आणि शेवटच्या ‘र’चा एक तुकडा कापला जातो. पडद्यावर मग चौकोन किंवा प्रश्नचिन्ह. आणि ज्याने कापलं त्याला वाटतं, वीस अक्षरं म्हणजे भरपूर झाली. म्हणजे नाव किती लांब आहे हेसुद्धा त्या न दिसणाऱ्या यादीवर ठरतं.

मी : ते यादीने ठरवलं नाही, मामा. यादी नव्हती म्हणून तसं झालं. लँग नसताना प्रोग्रामने बाइट मोजले. ती असती तर अक्षरं मोजली असती.

मामा : आज असली, उद्या नसली. मी त्याबद्दलच बोलतोय.

घड्याळाचा विषय मी काढला, कारण मला वाटलं तिथे तरी मी जिंकेन. टीझेड या व्हेरिएबलमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतं. एक म्हणजे नुसता फरक : ‘आयएसटी-५:३०’. यात उणे चिन्ह म्हणजे ग्रीनिचच्या पूर्वेला, हे उलटं वाटतं आणि नव्या माणसाला दर वेळी फसवतं. शिवाय ‘आयएसटी’ ही अक्षरं भारताची, आयर्लंडची आणि इस्राएलची अशी तिघांची आहेत. दुसरी तऱ्हा गावाच्या नावाची : ‘आशिया/कोलकाता’. ही लिहिली की यंत्र नुसता फरक धरत नाही, त्या गावच्या घड्याळाचा इतिहास उघडतं. दुसऱ्या महायुद्धात सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत इथली घड्याळं एक तास पुढे होती, साडेपाचऐवजी साडेसहा. या फायलीत ते नोंदलेलं आहे. लिनक्सवर टीझेड कोलकाता ठेवून १९४३ मधली एखादी ग्रीनिच वेळ भारतीय वेळेत काढा, साडेसहा तासांनी पुढची येते. नुसतं उणे साडेपाच लिहिलं असतं तर हा तास कायमचा हरवला असता.

मामा : हे छान आहे. पण ते कोलकात्याचं झालं. १९४३ मध्ये वैजापूर निजामाच्या राज्यात होतं. ती फाईल निजामाच्या राज्याचं काही सांगते का?

मी : नाही. त्या फायलींचा नियमच असा आहे की १९७० नंतर ज्यांची घड्याळं सारखी चालली त्या सगळ्यांना एका नावाखाली घ्यायचं. त्याआधीचं जे लिहिलेलं असेल ते फक्त नाव दिलेल्या शहराचं. मुंबईनेसुद्धा १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली तेव्हा ती लगेच मानली नाही. कित्येक वर्षं तिथे मुंबई टाइम चालू होता, एकोणचाळीस मिनिटं मागे. तोही त्या फायलीत नाही.

मामा : म्हणजे व्हेरिएबलमध्ये एका शहराचं नाव घातलं आणि बाकीच्यांचा इतिहास त्याच्या पोटात गेला. मग शंभर वर्षांपूर्वीची एखादी नोंद तू या घड्याळाने वाचलीस तर?

मी : वाचू नये. एन्व्हायर्नमेंट आजचं असतं. आजच्या कामाला ते पुरतं.

मामा : हां! आता तू माझ्या मुद्द्यावर आलीस.

त्यांचा मुद्दा जिल्ह्याच्या नावाचा होता. २०२३ मध्ये वैजापूरचा औरंगाबाद जिल्हा छत्रपती संभाजीनगर झाला. संस्थेच्या पावत्या, दाखले, अहवाल सगळीकडे जुनं नाव होतं, आणि ते पुष्कळशा स्क्रिप्टमध्ये जिथल्या तिथे टाइप केलेलं होतं. त्या मुलाने शिकल्याप्रमाणे नाव एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये आणलं. एका जागी बदललं की सगळीकडे बदलतं. शिकवणाऱ्याने त्याला शाबासकीच दिली असती.

मामा : आणि मग एका सभासदाने २०१५ च्या पावतीची दुसरी प्रत मागितली. छापून आली ती ‘जिल्हा छत्रपती संभाजीनगर’ अशी. पावती २०१५ ची, जिल्हा २०२३ चा. मूळ प्रत त्याच्या हातात, तिच्यावर औरंगाबाद. आता खरी कुठली? कोर्टात उभं राहिलं तर काय सांगायचं?

मी : पावतीवरचं नाव हे नोंदीचा भाग आहे, ते नोंदीतच हवं होतं. तारखेबरोबर. ते एन्व्हायर्नमेंटमध्ये घालणं ही जागेची निवड चुकली.

मामा : पण सोपं होतं म्हणून घातलं. एका ओळीत काम झालं. तुझ्या या सोयीचं मला हेच भय आहे. ती आजचं नाव कालच्या कागदावर छापते आणि तिला ते कळतही नाही.

मी : ज्यांनी घड्याळांच्या फायली केल्या त्यांनी हे कसं केलं ते बघा. कलकत्त्याचं अधिकृत कोलकाता झालं २००१ मध्ये. त्या फायलींत ‘आशिया/कलकत्ता’चं ‘आशिया/कोलकाता’ झालं २००८ मध्ये. पण जुनं नाव पुसलं नाही. आजही कोणाच्या जुन्या मशीनमध्ये टीझेड कलकत्ता असं लिहिलेलं असलं तरी घड्याळ बरोबर चालतं, कारण जुनं नाव नव्याकडे बोट दाखवतं. नवं घेतलं आणि जुनं सांभाळलं.

मामा : तसं सांभाळणारा माणूस असला तर. इथे तो नव्हता.

यानंतर मामांनी जे विचारलं ते त्यांना ठाऊक असेल असं मला वाटलं नव्हतं. सभासदांची माहिती जिथे आहे तो डेटाबेस उभा केला त्या दिवशी लँग काय होती? हा प्रश्न त्यांनी असाच, चहाचा कप खाली ठेवता ठेवता विचारला. पण तो या सगळ्या विषयातला सर्वांत खोल प्रश्न आहे. पोस्टग्रेस हा डेटाबेस पहिल्यांदा मांडताना वेगळं काही सांगितलं नाही तर त्या क्षणीच्या एन्व्हायर्नमेंटमधून क्रमाचे नियम उचलतो आणि ते कायमचे धरून ठेवतो. पुढे तुम्ही लँग बदला, त्याला फरक पडत नाही. त्याच्या अनुक्रमणिका त्या जुन्या क्रमाने रचलेल्या असतात. ऑगस्ट २०१८ मध्ये लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीची २.२८ ही आवृत्ती आली. तिच्यात कित्येक भाषांचे क्रमाचे नियम बदलले. ज्यांनी ऑपरेटिंग सिस्टिम नवी केली आणि डेटाबेस तसाच ठेवला, त्यांच्या अनुक्रमणिका एका क्रमाने रचलेल्या होत्या आणि शोध दुसऱ्या क्रमाने चालू झाला. असलेली नोंद शोधल्यावर सापडेना, एकमेव असायला हवी ती नोंद दोनदा शिरू लागली. अनुक्रमणिका पुन्हा रचल्या तेव्हा कुठे ते थांबलं.

मामा : म्हणजे नावही तेच, किंमतही तीच, आणि त्या किमतीच्या मागचा अर्थ बदलला. मराठी म्हणजे काय हे कोणी तरी लांब बसून दुरुस्त केलं आणि माझ्या यादीला त्याची खबर नाही.

मी : दुरुस्त केलं ते बरोबर केलं, मामा. आपल्या भाषांचे नियम त्या फायलींत वर्षानुवर्षं अपुरे होते. ते दुरुस्त होऊ नयेत असं मी म्हणणार नाही.

मामा : मीही म्हणत नाही. वर्णमाला बरोबर लागलीच पाहिजे. पण यादीवर लिहा ना, की ही कोणत्या क्रमाने लावली. आमच्या मुनिमाने वहीच्या पहिल्या पानावर सन लिहिलेला असायचा, फसली की शक. तेवढं मागतोय मी.

इथे मी त्यांना टर्मिनलवर एक गोष्ट दाखवली, आणि ती आधी का दाखवली नाही म्हणून ते चिडले. युनिक्सच्या शेलमध्ये आज्ञेच्या आधी, त्याच ओळीत, व्हेरिएबलची किंमत लिहिता येते. ‘एलसी_ऑल’ बरोबर मराठी, मग एक मोकळी जागा, मग सॉर्ट. ती किंमत तेवढ्या एका आज्ञेपुरती लागू होते आणि आज्ञा संपली की जाते. शेलची लँग काहीही असो, कोणी काहीही वारशाने दिलेलं असो, एलसी_ऑल सगळ्यांच्या वर असतो. आज्ञेच्या ओळीत किंमत लिहायची ही सोय बोर्न यांच्या शेलपासून आहे.

मामा : म्हणजे एन्व्हायर्नमेंट आज्ञेच्या ओळीत लिहिता येतं. डोळ्यांसमोर. आणि तू इतका वेळ माझ्याशी भांडत होतीस?

मी : कारण तुम्ही ते सगळीकडे लिहा म्हणत होता. मी म्हणते, जिथे कागद निघतो तिथे लिहा. यादी, पावती, अहवाल. मी टर्मिनलवर बसून रोजचं काम करते तेव्हा मला वारसाच हवा. मी पुण्याहून इथे येऊन इथूनच सर्व्हरवर शिरते तेव्हा माझी लँग माझ्याबरोबर तिथे जाते. उबंटू या लिनक्समध्ये दूरच्या यंत्रात शिरायचा प्रोग्राम, एसएसएच, ते आपणहून करतो.

मामा : कुठल्या सर्व्हरवर?

मी : असेल मुंबईत, असेल अमेरिकेत. इथून मराठी-भारत असा निरोप जातो. तिथे मराठीचे नियम बसवलेले असले तर तोही जानेवारी म्हणतो.

मामा : आणि नसले तर?

मी : तर एक-दोन तक्रारी पडद्यावर टाकतो, की हे लोकेल मला ठाऊक नाही, आणि ‘सी’वर जातो.

मामा : म्हणजे पुन्हा काळे आधी. आणि त्या तक्रारी तुम्ही कोणी वाचत नाही.

त्यावर मला उत्तर नव्हतं. आम्ही खरंच वाचत नाही. रोज त्याच दोन ओळी येतात आणि डोळा त्यांच्यावरून घसरतो. सर्व्हरवर मराठीचं लोकेल बसवायला दोन मिनिटं लागतात, पण ते मागावं लागतं, आणि सर्व्हरचे लॉग इंग्रजीतच असावेत असं म्हणणारे पुष्कळ असतात. लॉगबद्दल मला ते पटतंही. चूक काय झाली ते शोधणाऱ्याला सगळीकडे सारखे शब्द दिसले तर बरं पडतं. पण सभासदांची नावं म्हणजे लॉग नव्हेत. त्यांचा क्रम त्या माणसांच्या भाषेचाच असायला हवा, आणि तो सर्व्हर कुठल्या देशात आहे यावर अवलंबून राहता कामा नये.

संस्थेच्या स्क्रिप्टमध्ये बदल दोघांनी मिळून केले. क्रमाची आणि वेळेची किंमत वरच लिहिली आणि पाथही तिथेच पूर्ण दिला, म्हणजे क्रॉनने कितीही तुटपुंजं एन्व्हायर्नमेंट हाती दिलं तरी काम अडणार नाही. किंमत नसेल तर स्क्रिप्टने गुपचूप पुढे न जाता तिथेच थांबावं, अशी एक ओळ मामांनी मागितली. शेलमध्ये तशी सोय आहेच, घातली. यादीच्या तळाला आता छापून येतं : क्रम मराठी, वेळ भारतीय, आणि लायब्ररीची आवृत्ती. ही तिसरी गोष्ट मामांची. मला ती सुचली नसती. जिल्ह्याचं नाव एन्व्हायर्नमेंटमधून काढून पावतीच्या नोंदीत गेलं, प्रत्येक पावतीला तिच्या तारखेचं.

एका गोष्टीवर मात्र एकमत झालं नाही. संदेशांसाठी ‘लँग्वेज’ असं एक वेगळं व्हेरिएबल आहे आणि त्यात भाषांची रांग लावता येते. पहिल्या भाषेत संदेश नसेल तर दुसरीत बघायचं, तिथे नसेल तर तिसरीत. मराठीत भाषांतर झालेले संदेश अजून थोडेच आहेत, त्यामुळे दुसरी भाषा कोणती ठेवायची याला अर्थ आहे.

मी : मी मराठी, हिंदी, इंग्रजी अशी रांग लावते. जिथे हिंदीत संदेश आहेत तिथे काउंटरवरच्या मुलांना इंग्रजीपेक्षा ते लवकर कळतात.

मामा : माझ्या खात्यात मराठी आणि मग थेट इंग्रजी. हिंदी मधे आली की जिथे मराठी नाही तिथेही काम भागल्यासारखं वाटतं. मग मराठी भाषांतराची उणीव कोणाला जाणवणार, आणि ते करणार कोण?

मी : उणीव जाणवण्यासाठी त्या मुलांनी रोज इंग्रजी वाचत अडायचं का?

मामा : अडू दे थोडं. अडलेलाच माणूस मागणी करतो. तुझ्या खात्यात तुझं ठेव.

मी माझ्या खात्यात माझं ठेवलं आहे, त्यांनी त्यांच्यात त्यांचं. मशीन एकच आहे. काउंटरवरच्या खात्यात काय ठेवायचं हे त्या मुलांना विचारायचं ठरलं आहे, आणि मामांनी त्यांच्याशी बोलायला सुरुवातही केली आहे.